रात्रीची सायकल आणि दोन दिवे: एक बघायचा, एक दिसायचा



दर महिन्याला मी या पानावर कर्ज, परतफेड आणि लेखे यांच्याबद्दल लिहिते. या वेळी सायकलच्या दिव्याबद्दल लिहितेय. का, ते आधी सांगते.

डिसेंबरातली गोष्ट आहे. एका गटाची बैठक आटपून मी स्कुटीवरून तालुक्याला परत निघाले होते. दिवसभर बायका रानात असतात, म्हणून बैठक सातला सुरू झाली आणि निघेपर्यंत साडेआठ वाजले. रस्ता रोजचा, दोन्ही बाजूंना ऊस. समोरून ट्रॅक्टर आला आणि त्याच्या दिव्यांनी माझे डोळे दिपले. ट्रॅक्टर पुढे गेला आणि बघते तर माझ्या चाकासमोर चार हातांवर एक सायकल! करकचून ब्रेक दाबला, स्कुटी घसरली आणि मी रस्त्याकडेच्या मातीत. सायकलवाली बाई सायकल तिथंच टाकून धावत आली. "मॅडम, लागलं का हो?"

त्या आपल्याच एका गटाच्या सचिव ताई निघाल्या. डेअरीत दूध घालून घरी चालल्या होत्या. कॅरिअरला रिकामी किटली, अंगावर गडद निळी साडी, सायकलला दिवा नाही, मागचं लाल भिंग कधीच फुटून गेलेलं.

माझा गुडघा खरचटला, त्यांना काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मी जोरात नव्हते. ताईसुद्धा नीट डाव्या कडेनेच चालल्या होत्या. तरी मला त्या दिसल्याच नाहीत. आणि त्या काय म्हणाल्या माहितेय? "मला तर तुमचा उजेड लांबूनच दिसला होता. म्हटलं, मॅडमनी बघितलंच असंल."

सगळी गोम इथंच आहे.

आपल्याला दिसतं म्हणजे आपण दिसतो, असं नाही

रात्री गाडीचा उजेड आपल्याला लांबून दिसतो. म्हणून वाटतं, गाडीवाल्यालाही आपण दिसत असणार. पण त्याच्याकडून बघा. त्याच्यासमोर काळा रस्ता, काळा ऊस आणि त्यात गडद साडी. त्याची गाडी डिपरवर असेल आणि समोरून दुसरी गाडी येत असेल, तर आपण त्याला दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

थोडा हिशेब करू. आपण व्याजाचा करतो, तसाच. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ड्रायव्हरच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातोच. त्यानंतर गाडी थांबायला आणखी अंतर लागतं. कोरड्या चांगल्या रस्त्यावरही सगळं मिळून ३५ ते ४० मीटर होतात. आता त्याला तुम्ही २५ मीटरवर दिसलात, तर त्याच्या हातात दीड सेकंद आहे. गाडी थांबणारच नाही. तुमच्या सायकलला मागे लाल दिवा असेल आणि तो २०० मीटरवरून दिसला, तर त्याच्या हातात १२ सेकंद आहेत. १२ सेकंदांत तो वेग कमी करून आरामात बाजूने निघून जातो.

म्हणून सायकलच्या दिव्यांची दोन वेगळी कामं आहेत, ही गोष्ट आधी पक्की करू. एक दिवा आपण बघण्यासाठी, म्हणजे खड्डा, दगड, वाटेत बसलेलं जनावर दिसावं म्हणून. दुसरा आपण दिसण्यासाठी. बहुतेक जणी दिवा घ्यायला गेल्या की पहिला तेवढा घेतात.

पैसे कमी असतील तर आधी मागचा

माझं सांगणं असं, की खर्चाचा क्रम उलटा लावा. आधी मागचा लाल दिवा आणि रेडियम, मग पुढचा दिवा. मागून येणारी गाडी आपल्याला दिसत नसते. समोरचा खड्डा निदान हळू चालवून, उतरून चुकवता येतो.

मागच्या दिव्याबद्दल चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, तो लालच हवा. मागे पांढरा दिवा लावला, तर मागून येणाऱ्याला वाटतं की कुणीतरी समोरून येतंय. हीच चूक उलटी करून पुढे लाल दिवा लावू नका.

दोन, बहुतेक दिव्यांना दोन-तीन प्रकार असतात: सलग जळणारा आणि लुकलुकणारा. लुकलुकणारा पटकन लक्ष वेधतो आणि चार्जिंगही जास्त पुरतं. पण नुसतं लुकलुकलं तर ती सायकल किती लांब आहे याचा अंदाज मागच्याला नीट येत नाही. म्हणून लुकलुकता दिवा ठेवा आणि सोबत रेडियम लावा. किंवा चार्जिंग पुरत असेल तर सलग ठेवा.

तीन, दिवा झाकला जाता कामा नये. आपल्या सायकलींवर हीच मोठी अडचण आहे. सीटखाली लावलेला दिवा किटलीमागे, गवताच्या भाऱ्यामागे, दप्तरामागे जातो. कधी पदर किंवा ओढणी वर येते. ओझं रोजचं असेल तर दिवा मडगार्डच्या खालच्या भागावर किंवा कॅरिअरच्या अगदी मागच्या टोकाला बांधा. बांधला की सायकलीवर ओझं ठेवून कुणालातरी वीस पावलं मागे उभं करा आणि विचारा, "दिसतोय का?"

चार, दिवा सरळ मागे बघणारा हवा. पुष्कळदा तो वाकून जमिनीकडे किंवा आभाळाकडे बघत असतो. लांबून येणाऱ्याला मग त्याचा काहीच उपयोग होत नाही.

रेडियम: सगळ्यात स्वस्त सोबती

आपण ज्याला रेडियम म्हणतो, त्या चमकणाऱ्या पट्टीत रेडियम नसतं. तिच्यात बारीक भिंगासारखी रचना असते. गाडीचा उजेड तिच्यावर पडला की ती तो उजेड आला त्याच दिशेला, म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांकडेच परत पाठवते. म्हणून ती त्याला पेटल्यासारखी दिसते. तिला सेल लागत नाही, चार्जिंग लागत नाही.

पण तिच्या मर्यादाही समजून घ्या. गाडीचा दिवा बंद असेल, किंवा तुम्ही वळणाच्या पलीकडे असाल, तर रेडियम चमकणार नाही. चिखल बसला, शेणाचा थर बसला तरी चमकणार नाही. म्हणून रेडियम हा दिव्याचा जोडीदार आहे, बदली नाही. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा.

लावायचं कुठं? मागच्या मडगार्डवर लाल, पुढे दांड्यावर पांढरं, चाकांच्या आऱ्यांमध्ये पिवळे किंवा पांढरे तुकडे, म्हणजे चौकात बाजूने येणाऱ्यालाही दिसतं. आणि पायडल विसरू नका. पायडलवरची पिवळी भिंगं वर-खाली, वर-खाली होतात. ती हालचाल बघून ड्रायव्हरला लगेच कळतं, की हा मैलाचा दगड नाही, कुणीतरी सायकल चालवतंय. किटलीला, दप्तराला, अगदी चपलेच्या टाचेला एक तुकडा चिकटवला तरी चालतो. ज्यांच्याकडे बैलगाडी किंवा ट्रॉली आहे, त्यांनी तिच्या मागच्या फळीलाही लावावं. ऊसाच्या हंगामात ट्रॉली रस्त्यात उभी असते आणि तिला मागे काहीच नसतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

पुढचा दिवा: किती उजेड पुरतो?

दिव्याच्या खोक्यावर 'लुमेन' असा शब्द असतो. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो, त्याचं ते माप. जसं दुधाला लिटर. गावात खांबांवर दिवे असतील तर १०० लुमेनचा दिवाही दिसण्यापुरता चालतो. वस्तीवर, कच्च्या रस्त्यावर, मिट्ट काळोखात चालवायचं असेल तर खरे २०० ते ४०० लुमेन असावेत.

'खरे' असं मुद्दाम लिहिलं. बाजारात सुपारीएवढ्या दिव्यावर दहा हजार लुमेन छापलेलं असतं. ते खरं नसतं. आताच्या एलईडी दिव्यात एका वॅटला साधारण १०० लुमेन मिळतात, असं ढोबळ धरा. म्हणजे ४ वॅटच्या दिव्याला ४०० च्या आसपास. दहा हजार लुमेनला १०० वॅट लागतील. तेवढ्या छोट्या दिव्यात एवढी वीज येणार कुठून आणि तापलेला दिवा टिकणार कसा?

दुसरा आकडा सेलचा. त्यावर एमएएच लिहिलेलं असतं. चार्जिंगच्या दिव्यात बहुधा ३.७ व्होल्टचा सेल असतो. समजा १२०० एमएएच लिहिलंय. १२०० म्हणजे १.२ अँपिअर-तास. १.२ गुणिले ३.७ म्हणजे साधारण साडेचार वॅट-तास. याचा अर्थ ४ वॅटचा दिवा पूर्ण उजेडावर तासभरच चालेल, कमी उजेडावर दोन-तीन तास. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात '८ तास' लिहिलेलं असतं! ते आठ तास अगदी मंद किंवा लुकलुकत्या उजेडावरचे असतात. दुकानदाराला सरळ विचारा, "फुल उजेडावर किती वेळ?" तुमचा जाऊन येऊन अर्धा तासाचा रस्ता असेल तर पूर्ण उजेडावर निदान तासभर चालणारा घ्या. सेल जुना होतो तसा वेळ कमी होतो, म्हणून थोडं हाताशी राखून घ्यायचं.

आणि फार प्रखर दिव्याच्या मागे लागू नका. ओझं नसलेली सायकल ताशी १५ किलोमीटरने चालते, म्हणजे सेकंदाला ४ मीटरच्या आसपास. थांबायला आठ-दहा मीटर पुरतात. म्हणजे समोरचं १०-१५ मीटर स्वच्छ दिसलं तरी आपलं भागतं. उतारावर मात्र वेग वाढतो, तिथं वेग आपणच आवरायचा.

दिवा रोखायचा कसा

चांगला दिवा घेतला आणि तो समोरच्याच्या डोळ्यांत रोखला, तर माझी झाली तशी गत दुसऱ्या कुणाची तरी होईल. तो ठेचकाळेल, कदाचित तुमच्याच अंगावर येईल. हे टाळायला घरच्या घरी एक चाचणी आहे.

अंधार पडल्यावर सायकल भिंतीपासून पाच मीटरवर, म्हणजे सात-आठ पावलांवर उभी करा. दिवा लावा. भिंतीवर उजेडाचा जो सगळ्यात प्रखर ठिपका पडतो, तो जमिनीपासून दिव्याच्या उंचीच्या निम्म्यावर यायला हवा. दिवा कमरेएवढा उंच असेल तर ठिपका गुडघ्याच्या आसपास. असं झालं की रस्त्यावर तो उजेड १० मीटरवर टेकतो. खड्डा दिसतो आणि समोरच्याचे डोळेही वाचतात. ठिपका जुळला की स्क्रू घट्ट आवळा. पट्टी सैल असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आत घालून बांधा, दिवा खडबडीत रस्त्यावरही फिरत नाही.

डायनॅमो, मोबाईल आणि डोक्यावरची बॅटरी

माझे आजोबा सांगतात, त्यांच्या काळी बिनदिव्याच्या सायकलवाल्याला पोलीस थांबवायचे. तेव्हा सायकलींना डायनॅमो असायचे. आजही मिळतात. तो टायरला घासून फिरतो आणि त्यातून वीज तयार होते, साधारण ६ व्होल्ट, ३ वॅट. चार्जिंगची कटकट नाही, म्हणून जिथं लाईटचा भरवसा नाही तिथं तो कामाचा आहे. पण पायडल जरा जड जातं, पावसात टायरवरून घसरतो, आणि सायकल थांबली की दिवाही विझतो. रस्ता ओलांडायला उभ्या राहिलात की तेवढ्यात अंधार. म्हणून डायनॅमो असला तरी मागे सेलचा लाल दिवा वेगळा ठेवा.

मोबाईलची बॅटरी हातात धरून सायकल चालवणाऱ्या कितीतरी जणी मी बघते. एक हात हँडलवर, एक हात मोबाईलवर, मग एकच ब्रेक दाबता येतो. मोबाईल पडतो, फुटतो. आणि अडचणीत फोन करायची वेळ आली की त्याचं चार्जिंग संपलेलं असतं. रानात पाणी द्यायला जाताना डोक्याला बांधतात ती बॅटरी चेन पडली तर बसवायला छान, दोन्ही हात मोकळे राहतात. पण सायकल चालवताना आपण जिकडे बघू तिकडे तिचा झोत जातो, समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत.

पाऊस आणि चार्जिंग

खोक्यावर 'आयपीएक्स' आणि पुढे एक आकडा असतो. ४ असेल तर सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी दिवा सोसतो, आपल्या पावसाला निदान एवढं हवंच. ७ असेल तर थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालतो. चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट बसतं ना, ते दुकानातच बघून घ्या. पाणी तिथूनच आत जातं. दिवा भिजला असेल तर पुसून, वाळवून मगच चार्जिंगला लावा.

मोबाईलच्याच चार्जरने चार्ज होणारा दिवा सोयीचा. आठवड्यातला एक वार ठरवून टाका, म्हणजे विसर पडत नाही. चार्जिंगला लावताना तो अंथरुणावर, उशीखाली ठेवू नका. दिवसा उन्हात तापत ठेवू नका. सेल फुगला, तर त्या दिव्याचा मोह सोडा. तो फोडू नका, चुलीत तर अजिबात टाकू नका.

गट काय करू शकतो

ही सगळी माहिती मी एका बैठकीत सांगितली, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "पोरी, एवढा खटाटोप कशाला? बायामाणसांनी अंधाराचं बाहेरच पडू नये." मला राग आला नाही. त्यांच्या बोलण्यात काळजी होती. पण त्याच बैठकीत एका ताईंनी सांगितलं, की त्यांच्या मुलीचा दहावीचा क्लास साडेसहाला सुटतो, थंडीत तोवर अंधार पडलेला असतो, म्हणून नोव्हेंबरपासून क्लास बंद केला. मग सगळ्याच बोलू लागल्या. कुणी पहाटेचं दूध सासऱ्यांच्या हाती पाठवते आणि पैसेही त्यांच्याच हातात जातात. कुणी बैठक उशिरा संपते म्हणून यायचंच सोडते. शेवटी आजीच म्हणाल्या, "मंग दिवाच घ्या की."

मानव विकास कार्यक्रमातून आपल्या राज्यात अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. मुलगी शाळेत टिकावी म्हणून ती सायकल असते. अंधार पडला की ती सायकल ओट्यावर उभी राहत असेल, तर तिचं निम्मं काम होत नाही.

दिव्याने सगळी भीती जात नाही, हे मलाही कळतं. रस्त्यावरच्या वाईट नजरा दिव्याने बंद होत नाहीत. दोघी-तिघींनी मिळून येणं, घरी वेळ सांगून ठेवणं हे लागतंच. पण गाडीखाली येण्याची भीती तरी आपण काही शे रुपयांत पुष्कळ कमी करू शकतो.

पुढचा-मागचा साधा जोड आणि रेडियम धरून सहाशे रुपये लागले असं समजू. गटाकडून सहाशेचं कर्ज घेतलं, महिना दोन टक्के व्याज, दोनशेचे तीन हप्ते. पहिल्या महिन्याला व्याज १२ रुपये, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला ४. एकूण २४ रुपये, तेही आपल्याच गटात राहतात. दहा-बारा जणींनी एकत्र घेतलं तर दुकानदार भाव कमी करतो आणि बिल पक्कं मागता येतं. आधी दोनच जोड आणा, आठ दिवस वापरून बघा, मग बाकीचे घ्या. बिल आणि खोकं जपून ठेवा, दिवा बिघडला तर दाखवायला.

आणि रस्त्यावरच्या खांबांचे दिवे? ते ग्रामपंचायतीचं काम आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा असते. तिथं डेअरी ते वस्ती, शाळा ते वस्ती या रस्त्यावर कुठल्या खांबांना दिवे नाहीत, ते मोजून, खांबांचे आकडे लिहून मांडा. 'आमच्याकडे अंधार आहे' यापेक्षा 'या सात खांबांवर दिवा नाही' असं लिहिलेला ठराव पुढे सरकतो.

येत्या बैठकीत एवढंच करा. सगळ्या सायकली बाहेर ओळीने लावा. एकीने पन्नास पावलं लांब जाऊन बॅटरीचा झोत टाकायचा. कुठली सायकल चमकते, कुठली नाही, ते सचिवांनी वहीत लिहायचं. ज्या सायकली दिसणार नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात करा.

त्या सचिव ताई परवा पुन्हा भेटल्या, संध्याकाळीच. मी त्यांना वळणावरूनच ओळखलं. किटलीच्या खाली मडगार्डवर लाल दिवा लुकलुकत होता. मी हॉर्न वाजवला, त्यांनी हात केला आणि आम्ही आपापल्या वाटेने घरी गेलो.

तुमची,
क्षेत्र समन्वयक